रविवारी सुरू होणारी गाडी

आमच्या ह्यांना सगळा बाजार 'करंट' म्हणतो. हे नाव कुणी ठेवलं, त्याला मला एकदा बघायचंय. बॅटऱ्यांचं दुकान आहे म्हणून ठेवलं असेल, पण माणूस असा, की घराला आग लागली तर आधी चपला शोधेल, मग त्या पुसेल आणि मग म्हणेल, "अगं, काहीतरी जळतंय का?" दुकानात गिऱ्हाईक घाईघाईनं येतं, बॅटरी टेकवतं, "करंट, लवकर बघ रे" म्हणतं. आणि हे तिची झाकणं अशी हलक्या हातानं उघडतात, जणू आत कुणी झोपलंय. उशीर होतो, पण काम चोख होतं. ह्यांच्या हाताखालून गेलेली बॅटरी दगा देत नाही, हे मी बायको असूनही मान्य करते.

बोलण्याचं तर विचारूच नका. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, नवीन आहेत, लाजत असतील. मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तरी ह्यांची लाज काही संपली नाही. "भाजी कशी झालीय?" विचारलं तर "झालीय की." "हा रंग मला शोभून दिसतो का?" तर "दिसतो की." एवढ्या भांडवलावर मी संसार केला. माझ्या माहेरचे सगळे मेले बडबडे, आणि माझ्या नशिबी हा माणूस.

मी शिवणकाम करते. चांगलं करते, उगाच कमीपणा कशाला घेऊ? पण कुठे करते? तर स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधल्या बोळात. बायका माप द्यायला येतात त्या माझ्या ओट्यासमोरून. दूध उतू जातंय का ते बघत मी त्यांची कंबर मोजते. ट्रायल घ्यायची तर फ्रिजच्या मागे उभं राहायचं. एक बाई तिथे अडकली होती, तिला बाहेर काढायला फ्रिज सरकवावा लागला. त्यानंतर ती परत आलीच नाही.

आणि घराला लागून चांगली ऐसपैस शेड आहे! रस्त्याकडे तोंड, पुढे शटर, दिवसभर उजेड. तिथे माझं दुकान निघायचं ठरलं होतं. टेबल कुठे, आरसा कुठे, ट्रायलचा पडदा कुठे, सगळं मी खडूनं फरशीवर आखून ठेवलं होतं. त्या आखणीवर भाऊजींनी आपली गाडी आणून उभी केली.

भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. मोठ्या कंपनीत आहेत, सारखे बदलीवर. त्यांनी हौसेनं स्पोर्ट्स कार घेतली. लिंबासारखी पिवळी, पोट जमिनीला टेकलेलं, दोन दारं आणि सीटाही दोनच. मागे भाजीची पिशवी ठेवायची सोय नाही. पहिल्यांदा ती गाडी घेऊन दोघं आमच्याकडे आले, तेव्हा माझी जाऊ त्यातून अशी उतरली, की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, केस वाऱ्यानं विस्कटलेले, आणि ते विस्कटलेलेच चांगले दिसतात हे तिला पक्कं ठाऊक. मी दारात उभी, हाताला कणीक. माझा नुसता जळफळाट झाला.

मग भाऊजींची खूप लांब बदली झाली. तिकडे गाडी ठेवायला जागा नव्हती. "दादा, थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे," म्हणाले. "राहू दे की," हे म्हणाले. मला कुणी विचारलं? माझी खडूची आखणी गाडीखाली गेली आणि थोड्या दिवसांची वर्षं झाली.

तेव्हापासून ती आमच्या घरात आहे. सवत म्हटलं तर लोक हसतील, पण सवतीचे तरी काय वेगळे लाड असतात? तिला सुती चादर, उन्हाळ्यात शेडला पाण्याचा शिडकावा, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात पिंजरे. आठवडाभर तिच्या बॅटरीला चार्जर. चाकं एका जागी दबून चपटी होतात म्हणे, म्हणून तिला वीतभर पुढे, वीतभर मागे ढकलायचं. माझे गुडघे दुखतात म्हणून मी वर्षभर ओरडतेय, मला कुणी वीतभर सरकवलं नाही.

आणि रविवार! रविवारी सकाळी न्याहारी झाली की हे हात धुऊन, हो, हात धुऊन शेडमध्ये जायचे. चादर काढायची, ती घडी घालायची. शटर वर. मग आत बसून किल्ली फिरवायची. ती फिरवली की आधी एक बारीक गुणगुण यायची, कानाशी डास यावा तशी. ते काय म्हणून मी एकदा विचारलं होतं. "पंप पेट्रोल ओढतो इंजिनाकडे. तो आवाज आला की समजायचं, गाडी सुरू होणार," हे म्हणाले. आमच्या लग्नानंतरचं हे ह्यांचं सगळ्यांत लांब वाक्य. त्या गुणगुणीमागून इंजिन असं डरकाळी फोडायचं, की माझ्या फडताळातले पेले वाजायचे.

मग हे भाऊजींना फोन लावायचे. फोन काचेबाहेर, इंजिनाच्या दिशेनं धरायचे. मग काच वर करून फोन कानाला. आणि बसायचे. नुसती सुरू करून बंद केली तर गाडी उलट जास्त बिघडते म्हणे, चांगली गरम होऊ द्यावी लागते. तोवर फोन चालूच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं दिसायचं, ऐकू मात्र शब्द नाही. हे मान हलवतायत. हे हसतायत. हसतायत! ह्या माणसाचे दात मी लग्नाच्या फोटोत बघितले, त्यानंतर थेट त्या काचेपलीकडे.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्यासमोर तोंडातून ब्र निघत नाही, आणि भावाशी एवढं काय गुलुगुलु? माझ्याबद्दल बोलत असतील. वहिनी कशी कटकट करते, जागेसाठी कशी मागे लागलीय. तिकडे ती जाऊही फोनला कान लावून फिदीफिदी हसत असेल.

"काय बोलता हो एवढं?" मी विचारायची.

"काही नाही."

"काही नाही हे इतका वेळ?"

"गाडीचं गं."

एवढं बोलून हे चादर घालायला लागायचे. आणि त्या गाडीत 'तू बस जरा' असं मला कधी कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. माझं अडलंय खेटर!

एके दिवशी दुकानातून आल्यावर ह्यांनी चपला काढता काढता सांगितलं, "तो गाडी न्यायला येतोय. नवीन घराला गॅरेज आहे."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "खरं सांगता?"

"हो. शनिवारी येतील दोघं. रविवारी गाडी घेऊन जातील."

मी काय नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या दिवशी सुताराकडे जाऊन कापायचं टेबल सांगून आले. आरसा घेतला, पुऱ्या उंचीचा. पडद्याचं कापड तर माझ्याकडे केव्हाचं पडून होतं. शेजारणीला सांगितलं, वाण्याला सांगितलं, फ्रिजमागे अडकलेल्या त्या बाईलाही मुद्दाम रस्त्यात गाठून सांगितलं. हे मात्र मूग गिळून बसले होते. मी म्हटलं, बसू देत. सवत जातेय, थोडं सुतक पाळणारच.

शनिवारी दोघं आले. जाऊ आता थोडी जाड झालीय, हे बघून मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं. रात्री जेवताना भाऊजी ह्यांना म्हणाले, "दादा, तू होतास म्हणून गाडी टिकली." हे ताटात बघत राहिले.

रविवारी न्याहारी झाली. सगळे शेडमध्ये. भाऊजींनी मोठ्या ऐटीत किल्ली फिरवली. खर्र, खर्र, खर्र. इंजिन फिरतंय, पण पेटत नाही. पुन्हा फिरवली. खर्र, खर्र. बोंबला!

"दादा, तुझ्या हातची गाडी आणि सुरू होत नाही?" भाऊजी हसत म्हणाले, पण चेहरा पडला होता.

"बघतो," हे म्हणाले.

मग सुरू झालं बघणं. बॅटरी तपासली, ठणठणीत. प्लग काढले, पुसले, पुन्हा बसवले. पेट्रोलचा वास घेतला. "जुनं झालंय बहुतेक," म्हणाले. ते उपसून काढलं, भाऊजी पंपावरून ताजं घेऊन आले. पुन्हा किल्ली, पुन्हा खर्र खर्र. ह्यांच्या कपाळावर घाम, बाह्या वर केलेल्या. डॉक्टरसुद्धा पेशंटचं एवढं करत नाही.

"ट्रकवर घालून न्या ना," मी म्हटलं. माझा जीव टांगणीला लागला होता.

"वहिनी, ही इतकी खाली आहे, चढवताना पोट फाटेल. आणि मला उद्या कामावर हजर व्हायलाच हवं." भाऊजींनी हात पुसले. "जाऊ दे दादा. आम्ही दुपारच्या बसनं जातो. राहू दे अजून थोडे दिवस."

थोडे दिवस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं टेबल सुताराकडे तयार आहे, आरसा पलंगामागे उभा आहे, सगळ्या गावाला मी सांगून बसलेय, आणि म्हणे थोडे दिवस! मी चहाचा ट्रे धरून दारात तशीच उभी राहिले.

"शेवटचं एकदा बघतो," म्हणत भाऊजींनी पुन्हा किल्ली फिरवली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती गुणगुण नव्हती. किल्ली फिरली की आधी यायची ती डासासारखी बारीक गुणगुण. तिचा मी जितका राग केला, तितका जगात कुणी केला नसेल. म्हणून ती नाहीये, हे कळलं ते मला. पण मला कळलं आणि ह्यांना नाही? शेजारच्या गल्लीत स्कूटरची वायर सैल असली तरी ज्यांना घरात बसून ऐकू येतं, त्यांना?

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे इंजिनावर वाकले होते. अंगातला शर्ट मी शिवलेला. त्याचा खिसा चष्मा आणि पेन मावेल एवढाच, मापात बसवलेला. आज तो खिसा खाली ओढला गेला होता, आणि एक चौकोनी कोपरा कापडातून वर उठला होता. चष्मा तर नाकावर होता.

"अहो, जरा आत या. गॅसची टाकी बदलायचीय," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

स्वयंपाकघरात आल्यावर मी दार लोटलं आणि सरळ ह्यांच्या खिशात हात घातला. काड्यापेटीहून लहान, काळा, खाली पत्र्याचे पाय असलेला ठोकळा हाताला लागला.

"हे काय?"

ह्यांनी मोकळा खिसा चाचपला.

"हे काढलं की पंप चालत नाही. पंप चालला नाही की पेट्रोल जात नाही. हो ना?"

"रिले आहे तो," हे हळूच म्हणाले. "तुला कसं कळलं?"

"माझं जाऊ द्या. गाडी जाऊ नये म्हणून काढलात?"

हे नळाकडे बघत राहिले. मग मान हलवली, होकारार्थी. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे कान लाल झाले होते.

दुसरी कुणी असती तर दुकानाचं बोलली असती. मलाही वाटलं होतं मी तेच बोलेन. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी भांडून माहेरी गेले होते, आठवतं? पोरगी कडेवर होती. तुम्ही स्टँडवर आलात. माझी बॅग स्वतःच्या हातानं बसमध्ये चढवलीत! 'ये सवडीनं' म्हणालात! माझी बस चुकावी म्हणून एक खिळा तरी टाकलात का हो कधी रस्त्यात? त्या गाडीसाठी चोऱ्या करता, भावाशी खोटं बोलता. माझ्यासाठी कधी काय चोरलंत?"

रडायचं नाही म्हणून मी ओठ दाताखाली धरला होता. बाहेर भाऊजी पुन्हा खर्र खर्र करत होते.

ह्यांनी नळ घट्ट केला. मग म्हणाले, "तू परत येणारच होतीस."

आता ह्याला काय म्हणावं? हा मोठेपणा म्हणायचा की अपमान, मला आजही ठरवता आलेलं नाही. तो रिले माझ्या मुठीत टोचत होता. खिडकीतून टाकून दिला असता तर कुणाला कळलं नसतं. गाडी राहिली असती आणि हे माझ्यावर जन्मभर खूश राहिले असते. पण मला दुकान हवं होतं. आणि खरं सांगायचं तर ती गाडी डोळ्यांसमोरून जायला हवी होती, त्या काचेपलीकडच्या हसण्यासकट. मी ह्यांचा तळहात उघडला आणि रिले त्यावर ठेवला.

"लावा. मला माझी जागा पाहिजे."

हे शेडमध्ये गेले. "सापडलं," असं भावाला म्हणाले. "एक जोड सुटला होता." भाऊजींनी किल्ली फिरवली. गुणगुण आली, मागोमाग डरकाळी, आणि घरात माझे पेले वाजले. भाऊजींनी आनंदानं ह्यांच्या पाठीत अशी थाप मारली, की चष्मा नाकावरून घसरला.

भाऊजी सामान दाबून बसवत होते, तेव्हा जाऊ माझ्याजवळ आली. "सुटले बाई एकदाची," ती हळू आवाजात म्हणाली. "ताई, दर रविवारी सकाळी आमचे हे दार लावून फोन घेऊन बसायचे. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. काय बोलायचे देव जाणे. मला तर वाटायचं माझ्याच चहाड्या चालल्यात. म्हणून मीच लकडा लावला, आणा म्हटलं ती गाडी घरी."

इतकी वर्षं मी हिच्यावर जळतेय, आणि ही तिकडे बसून आमच्यावर जळतेय! "मला वाटायचं तूही फोनवर असायचीस," मी म्हटलं. "डोंबल! मला तर खोलीत घ्यायचे नाहीत," ती म्हणाली. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. मग ती त्या दुसऱ्या सीटवर बसली, काळा चष्मा लावला आणि गाडी गेली. हे रस्त्यावर उभे राहून बघत होते. गाडीचा आवाज येईनासा झाला तरी हे तिथेच उभे.

दुकान झालं. खिडकीशी टेबल, दाराशी आरसा. गल्लीत कौतुक झालं, फ्रिजवाली बाईसुद्धा आली आणि पडद्यामागे ऐसपैस हात फिरवून बघून गेली. मी दिवसभर मशीनवर, आणि मला काहीही कमी नव्हतं.

रविवारी न्याहारी झाली. ह्यांनी हात धुतले. मग माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. फोन खिशात. तो काही वाजला नाही. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मी पाहत होते. शेवटी माझाच धीर सुटला.

"फोन करा ना भाऊजींना."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? सहज."

"सहज काय बोलायचं?"

"इतकी वर्षं गाडीत बसून बोलत होता तेच बोला! काय असायचं ते?"

हे खरोखर आठवायला लागले. "मी विचारायचो, ऐकू येतंय का? तो म्हणायचा, येतंय."

"आणि मग?"

"मग ऐकत बसायचो."

"दोघंही?"

"हो. गाडी गरम होईपर्यंत."

"काही न बोलता? आणि ते हसणं?"

"इंजिन चांगलं चाललं की त्याला बरं वाटायचं. मला कळायचं ते."

माझा पाय मशीनवरच थांबला. "मग आता विचारा की, गाडी कशी आहे म्हणून."

"त्याची गाडी त्याच्याकडे आहे," हे म्हणाले. "मी कोण विचारणारा? काहीतरी कारण नको का?" मला बोल लावायचा म्हणून नाही हो, साधंच म्हणाले. म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

मला हवी होती ती जागा मिळाली होती, आणि ह्या माणसाला भावाजवळ गप्प बसायला जागा उरली नव्हती. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? हेवा. माझ्याजवळही हे आयुष्यभर गप्पच बसले. पण असे कधी नाही बसले.